४१४०: १०/सेकंदाचा वक्र खरंच नरम पडतोय की नुसता तापतोय?

सळई११५०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज गाडी अडली म्हणून लिहितोय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

४१४० स्टीलचा (क्रोमियम-मॉलिब्डेनमवालं) फ्लो स्ट्रेस, म्हणजे धातूचा आकार बदलत ठेवायला लागणारा ताण, मॉडेल करायचाय, क्लोज्ड डाय फोर्जिंगच्या सिम्युलेशनसाठी. ग्लीबलवर (करंटने नमुना तापवून दाबणारं मशीन) कॉम्प्रेशन टेस्ट करून घेतल्या. नमुना १० मिमी व्यासाचा, १५ मिमी उंच. तापमानं ८५०, ९५०, १०५० आणि ११५० अंश; स्ट्रेन रेट ०.०१, ०.१, १ आणि १० प्रति सेकंद. ट्रू स्ट्रेन ०.८ पर्यंत. दोन्ही टोकांना टँटलमची फॉइल आणि ग्रॅफाइट. प्रत्येक नमुना थेट त्याच्या टेस्टच्या तापमानाला नेला, तीन मिनिटं धरला, दाबला आणि लगेच पाण्यात टाकला.

पुढे नेहमीचंच. स्ट्रेस, स्ट्रेन रेट आणि तापमान जोडणारं सेलर्स-मॅकटेगार्टचं हायपरबॉलिक साइनचं समीकरण घेतलं. अल्फा, एन, क्यू (अॅक्टिव्हेशन एनर्जी) आणि एलएन-ए हे चारही स्थिरांक ०.०५ च्या टप्प्यांनी काढले आणि प्रत्येकाला स्ट्रेनची पाचव्या घाताची बहुपदी बसवली. अल्फा ०.०१२ च्या आसपास, ०.४ स्ट्रेनला क्यू ३८५ किलोज्यूल प्रति मोल. मोजलेला स्ट्रेस आणि मॉडेलचा स्ट्रेस यांचं कोरिलेशन ०.९९. खूश झालो.

तो आनंद प्रेसपाशी संपला. मेकॅनिकल प्रेसच्या लोड मॉनिटरवर जो सर्वाधिक लोड दिसतो त्यापेक्षा सिम्युलेशनचा १२-१५ टक्के कमी येतो. शिवाय फ्लॅशमधल्या (डायमधून बाहेर पिळली जाणारी पातळ कड) काही एलिमेंट्सचा स्ट्रेस कुठल्या कुठे भरकटतो; एके ठिकाणी तर ऋण आला.

दुसरी अडचण अशी. ८५० अंश, १०/से. हा वक्र ०.४ स्ट्रेनला २३५ एमपीएचं शिखर गाठतो आणि ०.८ ला २२२ वर उतरतो. त्याच रेटला ९५० अंशांचा वक्र ०.८ वर १५५ दाखवतो. पेपरांमध्ये अशा उताराला सरळ डायनॅमिक रिक्रिस्टलायझेशन (डीआरएक्स, म्हणजे दाबतानाच नवे कण तयार होणं) म्हणतात. पण क्वेंच केलेल्या नमुन्यात मूळ ऑस्टेनाइटचे (स्टीलचं गरम असतानाचं रूप) कण चपटे झालेले दिसतात, नवे कण शोधूनही सापडत नाहीत. मग वक्र उतरला कशामुळे? आणि मॉडेलमध्ये डीआरएक्सचं अव्रामी समीकरण (किती भाग नवे कण झाले ते सांगणारं) घालू की नको? शिवाय ३८५ हा क्यू जास्त नाही का? लोखंडाच्या सेल्फ-डिफ्युजनचा तर ऑस्टेनाइटमध्ये २७०-२८५ असतो.

प्रेसवाला

प्रश्न नीट मांडलाय, आकडे दिलेत, त्यामुळे उत्तर देणं सोपं आहे. लोड कमी येणं आणि वक्र उतरणं, या दोन्हींचं मूळ बरंचसं एकच आहे. क्यूबद्दल आणि कणांबद्दल इथे माझ्याहून जाणकार लोक आहेत, ते बोलतील.

स्क्रीनवर ८५० लिहिलेलं असलं म्हणून नमुना शेवटपर्यंत ८५० ला राहिला असं समजू नका. ०.८ स्ट्रेन १०/से. ने म्हणजे सगळा खेळ ०.०८ सेकंदात आटोपला. गरम ऑस्टेनाइटची थर्मल डिफ्युजिव्हिटी साधारण ६ चौ. मिमी प्रति सेकंद; तेवढ्या वेळात उष्णता जेमतेम ०.७ मिमी सरकते. नमुन्याच्या पोटातली उष्णता पोटातच राहते, आणि मशीनचा कंट्रोलर करंट बंद करू शकतो, उष्णता शोषून घेऊ शकत नाही. याउलट ०.०१/से. ला तीच टेस्ट ८० सेकंद चालते. तिथे तापमान खरंच स्थिर असतं.

आता किती तापतो ते बघा. वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणजे घनमीटरमागे केलेलं काम. तुमच्या वक्राचा ०.८ पर्यंतचा सरासरी स्ट्रेस २१० च्या आसपास धरतो, म्हणजे काम सुमारे १६८ मेगाज्यूल. त्यातलं ९५ टक्के उष्णतेत जातं. घनता गुणिले विशिष्ट उष्मा ४.७ मेगाज्यूल प्रति घनमीटर प्रति अंश धरला, तर तापमानवाढ ३४ अंश. शिखरापर्यंत, म्हणजे ०.४ ला, हाच हिशोब १६ अंशांवर येतो.

तुमचेच वक्र सांगतात की ०.८ ला १०० अंशांनी ६७ एमपीए उतरतात, म्हणजे अंशामागे ०.६७. शिखरापासून शेवटापर्यंत तापमान आणखी १८ अंश वाढलं, त्याचे झाले १२ एमपीए. तुमचा वक्र उतरला १३. मायक्रोस्कोपखाली नवे कण दिसत नाहीत यात मला काही नवल वाटत नाही.

यात घर्षण उलट्या दिशेने खेळतं, हे विसरू नका. नमुना बसत जातो तसा व्यास-उंचीचा भागाकार वाढतो: सुरुवातीला ०.६७, शेवटी २.२. शिअर फ्रिक्शन फॅक्टर एम धरून सरासरी दाब आणि खरा स्ट्रेस यांचं गुणोत्तर १ + एम × व्यास ÷ (३√३ × उंची) असं येतं. फॉइल-ग्रॅफाइट नीट असेल आणि एम ०.१ असेल तर शेवटी ४ टक्के जादा दिसतं. एम ०.३ असेल तर तब्बल १३ टक्के. म्हणजे उष्णता वक्र खाली ओढते आणि घर्षण त्याला वर उचलून धरतं. दोघांची गाठ पडून सपाट दिसणारा वक्र मी पाहिलाय, आणि त्यावरून ‘स्थिर अवस्था गाठली’ असं छातीठोक लिहिलेलंही पाहिलंय.

आता लोडकडे या. तुमच्या तक्त्यात ‘८५०, स्ट्रेन ०.८, रेट १०’ या खणात जो स्ट्रेस आहे तो प्रत्यक्षात ८८४ अंशांचा आहे. सिम्युलेशन सुरू झालं की सॉल्व्हर प्लास्टिक कामाची उष्णता स्वतः काढतो. ९०-९५ टक्क्यांचा तो आकडा तुम्हीच इनपुटमध्ये भरलेला असतो. ८५० चं एलिमेंट ८८४ ला पोचतं, सॉल्व्हर तक्त्यात ८८४ चा स्ट्रेस शोधतो, आणि त्याला मिळतो तो जवळजवळ ९१८ चा. एकाच बिलाचे पैसे दोनदा चुकते केल्यासारखं. वरच्या रेटला, थंड भागात ही तूट दहा टक्क्यांच्या घरात जाते. प्रेसचा सर्वाधिक लोड नेमका शेवटच्या क्षणी, पातळ फ्लॅश आणि डायला टेकून गार झालेली कातडी यांच्यावरच ठरतो. बिलेटचं पोट ११५० ला मऊ आहे, तिथल्या चुकीने विशेष बिघडत नाही.

दुरुस्तीचा क्रम: आधी घर्षण, मग तापमान. कारण उष्णता खऱ्या स्ट्रेसच्या कामातून निघते, घर्षणाने फुगवलेल्या नव्हे. तापमानासाठी प्रत्येक रेट आणि प्रत्येक स्ट्रेन घेऊन एलएन-स्ट्रेस विरुद्ध १ भागिले खरं तापमान असा आलेख काढा आणि त्यावरून ८५०, ९५० अशा नेमक्या तापमानांचे स्ट्रेस वाचा. ०.०१ आणि ०.१ ला हात लावायची गरज नाही. १/से. ला थर्मोकपलने नोंदवलेलं तापमान वापरा. १०/से. ला मात्र थर्मोकपलवर विसंबू नका. तो पृष्ठभागावर वेल्ड केलेला असतो आणि इतक्या कमी वेळात मागे पडू शकतो. तिथे वरचा हिशोब बरा.

मग चारही स्थिरांक पुन्हा काढा. एन खाली येईल, कारण वरच्या रेटचे स्ट्रेस वाढतील. तापमानाचा उतार जास्त तीव्र होईल, कारण थंड टेस्टना दुरुस्ती मोठी लागते. क्यू या दोघांच्या गुणाकारातून येतो, त्यामुळे तो कुठे सरकेल ते मी आत्ताच सांगत नाही.

कणसीमा

प्रेसवाला यांच्या हिशोबाला +१. एका बाबतीत मात्र थोडा ब्रेक लावते.

नवे कण दिसले नाहीत म्हणजे नाहीतच, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. ८५० ला १०/से. म्हणजे झेनर-हॉलोमनचा झेड (स्ट्रेन रेट आणि तापमान एकत्र मांडणारा आकडा) खूप मोठा. एवढ्या झेडला डीआरएक्स झालंच तर जुन्या कणांच्या सीमेवर माळेसारखे एक-दोन मायक्रॉनचे कण येतात. आणि ४१४० पाण्यात टाकलं की सगळ्याचं मार्टेन्साइट (झटकन गार झालेल्या स्टीलचं कडक रूप) होतं. त्यातून पिक्रिक अॅसिडच्या एचिंगने जुन्या सीमा काढायच्या म्हणजे नशिबाची परीक्षा. थोडा वेटिंग एजंट आणि कोमट द्रावण वापरून बघा. ईबीएसडी (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली स्फटिकांच्या दिशा मोजणं) मिळत असेल तर मार्टेन्साइटवरून मूळ ऑस्टेनाइट रचून बघता येतं, ते जास्त भरवशाचं.

वक्रावरूनच ठरवायचं असेल तर शिखर बघू नका. डीआरएक्स शिखराच्या आधीच सुरू झालेलं असतं, बहुतेक स्टील्समध्ये शिखराच्या स्ट्रेनच्या साधारण ०.६ ते ०.८ पटीला. पोलियाक आणि जोनास यांनी १९९६ मध्ये दिलेली कसोटी वापरा: वर्क हार्डनिंग रेट थीटा (स्ट्रेनबरोबर स्ट्रेस चढण्याचा वेग) विरुद्ध स्ट्रेस असा आलेख काढायचा आणि त्यात वळणबिंदू शोधायचा. वळणबिंदू असेल तर डीआरएक्स सुरू झालंय. थीटा सरळ रेषेत शून्याकडे गेला तर नुसती रिकव्हरी (नवे कण न येता धातू सैलावणं). घर्षण आणि तापमानाची दुरुस्ती केलेल्या वक्रावरच हे करा, नाहीतर तापण्यामुळे थीटा आधीच शून्याला टेकतो आणि खोटं शिखर मिळतं. १०/से. ला लोडसेल थरथरतो, ती लहर घालवल्याशिवाय डेरिव्हेटिव्ह घ्यायला जाऊ नका. वळणबिंदू हवा तिथे निघेल आणि नको तिथेही निघेल.

अव्रामी घालायचं की नाही? घाला, पण सगळ्या सोळा वक्रांवर एकाच मापाने लादू नका. १०५० आणि ११५० ला, ०.०१ आणि ०.१ वर डीआरएक्स नक्की असणार. ११५०-०.०१ चा वक्र जरा निरखून बघा, एकापेक्षा जास्त लाटा आहेत का? सुरुवातीचे कण बारीक आणि झेड लहान असेल तर वक्र लाटालाटांनी जातो. कण अंतिम आकाराच्या दुपटीहून मोठे असतील तर एकच शिखर येतं. साकाई-जोनास यांचा हा नियम टेस्ट तपासायला फार उपयोगी पडतो.

आणि यावरून मला तुमच्या टेस्टमध्ये खटकलेली गोष्ट. प्रत्येक नमुना थेट त्याच्या तापमानाला नेलात. म्हणजे ८५० च्या नमुन्यात बारीक कण आणि ११५० च्या नमुन्यात जाडे कण घेऊन सुरुवात झाली. तुमच्या ‘तापमानाच्या’ परिणामात कणांच्या आकाराचा परिणाम मिसळलाय. स्ट्रेसच्या आकड्यावर त्याचा फारसा फरक पडत नसेल, पण शिखर कुठल्या स्ट्रेनला येतं आणि डीआरएक्स किती वेगाने होतं यावर चांगलाच पडतो. फोर्जिंगमध्ये तर उलटं असतं: सगळं बिलेट आधी ११५०-१२०० ला तापतं, कण वाढतात, आणि मग कातडी ८५०-९०० ला गार होते. जाडे कण, कमी तापमान. ही जोडी तुमच्या एकाही टेस्टमध्ये नाही. शक्य असेल तर ८५० आणि ९५० चे नमुने आधी १२०० ला धरून, मग खाली आणून, पुन्हा दाबा. सगळ्या टेस्ट परत करायची गरज नाही.

क्यूचं म्हणाल तर ३८५ मध्ये वावगं काही नाही. हा क्यू म्हणजे कुठल्याही एका अणूच्या उडीची ऊर्जा नव्हे. डिफ्युजन, रिकव्हरी, डीआरएक्स, मॉलिब्डेनम-क्रोमियममुळे डिसलोकेशन (स्फटिकातले रेषेसारखे दोष) आणि कणसीमांना बसणारी ओढ, तापमानाबरोबर कमी होणारा शिअर मॉड्युलस, असं सगळं त्या एका आकड्यात कोंबलेलं असतं. स्ट्रेसला त्या-त्या तापमानाच्या मॉड्युलसने भागून बघा, क्यू खाली येईल. पेपरात ‘क्यू सेल्फ-डिफ्युजनपेक्षा मोठा, सबब डीआरएक्स’ असं वाक्य सर्रास दिसतं. ते वाचून पुढे जायचं.

घातांक

वाखू (वाचनखूण) साठवली. वरच्या दोघांनी माल तपासला, मी फक्त बहुपदीवर बोलतो, कारण ऋण स्ट्रेस तिथूनच आलाय.

तुमची बहुपदी ०.८ पर्यंतच्या आकड्यांवर बसवलेली आहे. फ्लॅशमध्ये स्ट्रेन २ च्या वर सहज जातो. पाचव्या घाताचं पद ०.८ ला ०.३३ असतं आणि २ ला ३२, म्हणजे जवळजवळ शंभरपट. पल्ल्याच्या आत ही पदं एकमेकांना सांभाळून घेतात, बाहेर पडली की मोकाट. अल्फा शून्याखाली गेला की स्ट्रेसही गेला. ०.८ च्या पुढे स्थिरांक गोठवून टाका; सॉल्व्हरमध्ये एका ओळीचं काम आहे. कोल्ड बिलेटसाठी हे शोभलं नसतं, पण गरम ऑस्टेनाइट तोवर स्थिर अवस्थेच्या जवळ आलेला असतो, त्यामुळे भौतिकदृष्ट्याही फारसं वावगं नाही.

याहून छुपी भानगड क्यू आणि एलएन-ए यांची. हे दोघे एकमेकांना बांधलेले असतात. तुमच्या मधल्या दोन तापमानांपैकी १०५० अंश घ्या, म्हणजे १३२३ केल्विन; तिथे आर गुणिले टी येतो बरोबर ११ किलोज्यूल. क्यू ११ ने वाढला आणि एलएन-ए १ ने वाढला तर १०५० ला काहीच बदलत नाही. पण तुम्ही दोघांना वेगवेगळ्या बहुपद्या बसवल्यात, आणि प्रत्येकीची चूक स्वतंत्र. एन ५ आणि अल्फा ०.०१२ धरला तर वरच्या स्ट्रेसला एलएन-ए मधली १ ची तफावत म्हणजे सुमारे १७ एमपीए. त्यापेक्षा समीकरण १३२३ केल्विन हा संदर्भ धरून लिहा: क्यू भागिले आर, कंसात १ भागिले टी वजा १ भागिले १३२३. मग दोघांची गाठ बरीच सुटते.

कोरिलेशन ०.९९ चं कौतुक आवरा. तुमच्या सोळा टेस्टमध्ये स्ट्रेस इतका वरखाली होतो की कुठलंही समजूतदार समीकरण ०.९७ च्या वर जाईल. ८५०-१० आणि १०५०-१ असे दोन वक्र बाजूला ठेवा, उरलेल्यांवर स्थिरांक काढा, आणि त्या दोघांवर सरासरी टक्केवारी चूक बघा.

वेळ असेल तर बहुपदी सोडूनच द्या. एस्ट्रिन-मेकिंगच्या रूपात डिसलोकेशनची घनता साठण्याचा वेग स्थिर आणि झिजण्याचा वेग घनतेच्या प्रमाणात धरतात, त्यातून स्ट्रेसचा वर्ग एक्स्पोनेन्शियलने संपृक्त मूल्याकडे जातो. त्यातून डीआरएक्सचा भाग अव्रामीने वजा करायचा. स्थिरांक कमी, आणि स्ट्रेन ५ ला नेलात तरी वक्र आपला जागेवर.

सळई११५०

प्रेसवाले काका, कणसीमा ताई, घातांक, तिघांनाही साष्टांग!

दुरुस्ती केली. एम ०.१ धरून घर्षण काढलं, मग तापमान. ८५०-१० चा वक्र शेवटी जवळपास सपाट झाला, चार-पाच एमपीएचा उतार उरला. थीटाचा आलेख त्यात काहीच धड सांगत नाही, लहरच जास्त आहे. ११५०-०.०१ ला मात्र वळणबिंदू स्वच्छ दिसतो, आणि हो, दोन लाटा आहेत. ०.८ च्या पुढे स्थिरांक गोठवले, ऋण स्ट्रेस गायब.

नव्या तक्त्याने लोडची तूट ५-६ टक्क्यांवर आली. आता उरलेल्यासाठी एम ०.१ ऐवजी ०.०५ धरू का? तेवढ्याने स्ट्रेस दीड-दोन टक्के वर येतो. १२०० ला धरून करायच्या टेस्टसाठी नमुने टर्निंगला दिलेत.

प्रेसवाला

नको. एम तुमच्या हातातला नळ नाही. दाबलेल्या नमुन्याचा मधला आणि टोकाचा व्यास मोजा, पोट किती सुटलंय त्यावरून एम काढता येतो. जो येईल तो घ्या. टोकाचा लोड जुळवायला मटेरियलचे आकडे वाकवायला लागलात की पुढचा जॉब आला की पुन्हा तेच.

चार-पाच एमपीएच्या उताराला नाव ठेवायच्या भानगडीत पडू नका. त्याच तापमानाच्या त्याच टेस्ट दोनदा केल्यात तरी तेवढा फरक पडतो. १२०० वाल्या टेस्ट येऊ देत, मग कणसीमा काय म्हणतात ते बघू.

उरलेल्या ५-६ टक्क्यांसाठी मटेरियल सोडून डायकडे बघा. डाय आणि बिलेटमधला हीट ट्रान्सफर कोइफिशंट काय भरलाय? दाबाखालच्या फोर्जिंगला ५ ते ११ किलोवॅट प्रति चौ. मीटर प्रति अंश या पल्ल्यातले आकडे वापरतात, आणि फ्लॅश पातळ असल्याने त्या पल्ल्याच्या दोन टोकांना लोड वेगळाच येतो. त्याहीआधी एक साधं काम करा. सिम्युलेशन कुठल्या फ्लॅश जाडीला थांबवताय? प्रेसवरून उतरलेल्या तुकड्याची फ्लॅश कॅलिपरने मोजलीत का?

सळई११५०

ड्रॉइंगमधली ३ मिमी धरली होती. आत्ता जाऊन ट्रिमिंगच्या आधीचे तुकडे मोजले, २.६ ते २.७ भरतात.

प्रेसवाला

शट हाइट (प्रेस पूर्ण खाली आल्यावर उरणारं अंतर) खाली बसवलेली दिसतेय. स्ट्रोकच्या शेवटी लोडचा वक्र जवळजवळ उभा चढतो, ०.३ मिमी तिथे फार झाले. २.६५ ला थांबवून एकदा चालवा, बाकी कशालाही हात लावू नका, आणि आकडा इथेच टाका.